यंत्ररक्षित कूटकिल्ल्या

परिचालन प्रणालीच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) वापरल्या जाणाऱ्या व स्वतंत्र सुरक्षा-चिपच्या मोहोरेखाली जतन होणाऱ्या गुप्त किल्ल्या [→ कूटलेखन]. लिनक्समध्ये ही व्यवस्था २०११ साली, २.६.३८ या आवृत्तीत, टीपीएम (ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल) या सुरक्षा-चिपच्या आधाराने प्रविष्ट झाली. २०२१ च्या ५.१३ आवृत्तीपासून प्रोसेसरमधील विश्वस्त कार्यकक्षाही (टीईई) ग्राह्य ठरली. नवी किल्ली चिप आपल्या मूळ किल्लीने मोहोरबंद करते, आणि ही मूळ किल्ली उघड्या रूपात चिपबाहेर येत नसल्यामुळे वापरकर्त्याच्या हाती केवळ कूटबद्ध रूपच पडते, जे अन्य यंत्रावर नेले असता निरुपयोगी ठरते. शिवाय, संगणक सुरू होताना चिपने नोंदविलेल्या आज्ञावलींच्या मापांशी मोहोर निगडित केली असल्यास, त्या मापांत फरक पडताच किल्ली खुली होत नाही [→ संगणक सुरक्षा]. प्रत्यक्ष वापराच्या वेळी मात्र किल्ली कर्नलच्या स्मृतीत उघडीच असते, ही मर्यादा ध्यानी घेणे अगत्याचे होय.

पेण, रोहे यांसारख्या तालुक्यांतील रास्त भाव दुकानांत शिधावाटपासाठी जे आधार-प्रमाणीकरण होते, त्याच्या अंगठा-यंत्रांकरिता भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने ठरविलेल्या ‘एल-१’ वर्गात खाजगी किल्ली अशाच विश्वस्त कक्षेत राहते. ‘एल-०’ वर्गात किल्ली सांभाळण्याचे काम यजमान प्रणालीच्या आज्ञावलीवर सोपविलेले होते [→ आधार].