मिडल स्कुलातला इंग्रजीचा तास : वऱ्हाडातल्या रोजच्या वाचन-लेखनाची गोष्ट

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हा शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा विषय आहे, इतिहासाच्या व्याख्यानमालेत कुठून आला? इंग्रजी शिक्षणाचा इतिहास म्हटला की आपल्याला दोन गोष्टी पाठ असतात: मेकॉलेचं १८३५ सालचं टिपण आणि वुडचा १८५४ सालचा खलिता. त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण खलिता शेवटी कुठे पोचतो? पाचवी-सहावीच्या वर्गात. समोर चाळीस पोरं, एक मास्तर, एक फळा. तिथे रोज एक तास मुलं काय वाचत होती, काय लिहीत होती, आणि शाळा सुटल्यावर त्यातलं त्यांच्या हातात काय उरत होतं, हे आज आपण पाहणार आहोत. पाहायचं ते अमरावती आणि अकोला या दोन गावांच्या आसपास.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, अशी ही विचित्र व्यवस्था. इंग्रजी कागदपत्रांत या मुलखाचं नावसुद्धा ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असंच येतं. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. मधल्या काळात दोन गोष्टींनी इथलं जग बदललं: कापूस आणि रेल्वे. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे अकोला, बडनेरा करत पुढे गेली.

आता कापूस आणि रेल्वे आली म्हणजे कागद आला. गाठींची पावती, तार, वजनाचा हिशेब, कचेरीतली नोटीस, कोर्टातला हुकूम. यातलं बरंचसं इंग्रजीत. म्हणजे बघा, वऱ्हाडातल्या माणसाला इंग्रजीची गरज पडली ती शेक्सपियर वाचायला नाही. आपल्या नावाने आलेल्या कागदात काय लिहिलंय, हे दुसऱ्याला न विचारता कळावं, म्हणून पडली. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

शाळांची उतरंड नंतरच्या काळात साधारण अशी बसली. चार वर्ग प्राथमिक मराठी शाळेचे. त्यानंतर पाचवी ते आठवी मिडल स्कूल, आणि नववी ते अकरावी हायस्कूल. अकरावीला मॅट्रिक. इंग्रजी सुरू व्हायची ती मिडल स्कुलात. हायस्कुलं आधी निघाली ती अकोला, अमरावतीसारख्या मोठ्या गावांत, इंग्रजी मिडल स्कुलं तालुक्याच्या ठिकाणी, आणि खेड्यात फार तर मराठी चौथी. खेड्यातल्या पोराला इंग्रजीची पहिली अक्षरं गिरवायची तर आधी घर सोडावं लागायचं.

बरं, तो तास कसा चालायचा? आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, चित्र एकच मिळेल. आधी स्पेलिंगं. काल दिलेले शब्द आज पाठ म्हणून दाखवायचे, चुकलं की छडी. मग वाचन. एकाने उभं राहून वाचायचं, बाकीच्यांनी बोट ठेवून बघायचं. मग प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ. मग भाषांतर: इंग्रजी वाक्याचं मराठी, मराठी वाक्याचं इंग्रजी. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला महाराष्ट्रभर पिढ्यान्‌पिढ्या चालली ती यासाठीच. नियम, शब्द, वाक्यं, पुन्हा नियम. आणि लेखन म्हणजे? चार रेघी वहीत कित्ता गिरवणं आणि डिक्टेशन. टाक दौतीत बुडवायचा आणि वर छापलेली ओळ जशीच्या तशी खाली उतरवायची.

या पद्धतीला हसणं सोपं आहे. आम्ही हसणार नाही. हिच्यातून वळणदार अक्षर आलं, व्याकरणाची बैठक आली, आणि ज्या शाळेत एका पुस्तकापलीकडे काहीच नव्हतं तिथे तास चालवण्याची सोय झाली. पण दोन गोष्टी नीट बघितल्या पाहिजेत. एक, वाचनाचा वेग. दोन पानांचा धडा आठवडाभर पुरायचा. वर्षभरात मूल वाचायचं किती? एक पातळ पुस्तक. दुसरी, चार वर्षांच्या लेखनात मुलाचं स्वतःचं असं वाक्य जवळजवळ नसायचंच. उतरवलेलं असायचं, ऐकून लिहिलेलं असायचं, भाषांतर केलेलं असायचं.

इथे वऱ्हाडची म्हणून एक वेगळी अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. भाषांतर कुठल्या मराठीत? पुस्तकाच्या मराठीत. ती मराठी काही या पोरांच्या घरची नव्हती. घरी ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो. ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणतात. म्हणजे पोराला एका तासात दोन भाषांतरं करावी लागत: इंग्रजीतून पुस्तकी मराठीत, आणि पुस्तकी मराठीतून मनातल्या वऱ्हाडीत. पुण्याच्या मुलाला एक ओझं, इथल्या मुलाला दोन.

आता गंमत पहा. इंग्रजीत क्रिया चालू असल्याचं दाखवायला वेगळं रूप आहे, हे शिकवताना मास्तरांचा घाम निघतो. ‘मी जातो’ आणि ‘मी जात आहे’ यातला फरक पुस्तकी मराठीत बोलताना बऱ्याचदा पुसट होतो. पण वऱ्हाडीत? ‘काय करून राह्यला रे?’ ‘जेवून राह्यलो.’ चालू क्रियेचं इतकं स्पष्ट रूप पोराच्या तोंडात आधीच होतं! ‘तू आत्ता काय करून राह्यला, ते इंग्रजीत सांग’ असं म्हटलं असतं तर अर्धं व्याकरण तिथेच समजलं असतं. पण वर्गात ती बोली अशुद्ध ठरली. ती दाराबाहेर चपलेसारखी काढून आत यायचं, असा शिरस्ता पडला. जवळची शिडी काढून घेतली आणि मग पोरं चढत नाहीत म्हणून तक्रार केली.

तरीही याच मुलखात इंग्रजी वाचन-लेखन फार वेगळ्या तऱ्हेने करणारी माणसं होऊन गेली. दोघांची नावं घेऊ.

पहिले विष्णु मोरेश्वर महाजनी. जन्म १८५१, मृत्यू १९२३. वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात त्यांची हयात गेली आणि अकोल्याशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. शेक्सपियरच्या ‘सिंबेलीन’वरून त्यांनी ‘तारा’ हे नाटक लिहिलं, १८७९ साली. इंग्रजी कवितांची मराठी रूपं केली, ती ‘कुसुमांजली’त आहेत. पुढे १९०७ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. भाषांतर तेही करत होते आणि वर्गातला पोरगाही करत होता. फरक कुठे? पोराचं भाषांतर मास्तरांनी तपासलं की संपायचं. महाजनींचं भाषांतर कुणीतरी वाचावं, बघावं म्हणून केलेलं होतं. त्याला वाचक होता. लेखनाला वाचक मिळाला की मेहनतीची जातच बदलते.

दुसरे अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, म्हणजे गणेश श्रीकृष्ण खापर्डे. वकील, टिळकांचे सहकारी, ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणून प्रसिद्ध. १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्या काळातल्या सार्वजनिक जीवनातला हा मोठा माणूस. आपल्या विषयाला मात्र त्यांची डायरी महत्त्वाची. वर्षानुवर्षं ते दैनंदिनी लिहीत राहिले, आणि तीही इंग्रजीत. शिरडीला साईबाबांकडे राहिले तेव्हाच्या नोंदी तर पुस्तकरूपाने प्रसिद्धच आहेत. त्या डायरीत काय असतं? सकाळी केव्हा उठलो, कोण भेटायला आलं, काय बोलणं झालं, काय वाचलं. साधी साधी वाक्यं. शिकलेली भाषा आपलीशी कशी होते, याचा याहून स्वच्छ पुरावा आम्हाला माहीत नाही. रोज थोडं, स्वतःबद्दल, स्वतःच्या वाक्यात.

पण थांबा. खापर्डे आणि महाजनी कॉलेजपर्यंत गेले. सगळ्यांचं तसं झालं का? मुळीच नाही. पाचवीत बसलेल्यांपैकी मॅट्रिकला पोचणारे मूठभर. शेतीचा हंगाम, वडिलांचं कर्ज, गावापासून शाळेचं अंतर, जात, आणि मुलींच्या बाबतीत तर शाळेचं दारच. ही अडचण ज्यांनी अंगावर घेतली त्यात डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव पहिलं. पापळसारख्या खेड्यातून हा मुलगा अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात आला, तिथून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, आणि पुढे थेट इंग्लंडात. परत आल्यावर अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं, १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. छात्रालय आणि शाळा यांचा क्रम लक्षात घ्या. खेड्यातलं पोर आधी राहील कुठे, खाईल काय, हा प्रश्न सुटल्याशिवाय इंग्रजीच्या तासाला अर्थ नव्हता.

नेमका हाच गळतीचा प्रश्न त्या सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला एकाने वेगळ्या बाजूने विचारला. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बंगालात ढाक्याला काम करत होते. १९२६ साली त्यांचं द्विभाषिकतेवरचं पुस्तक निघालं. विम्याच्या व्यवहारातला एक शब्द त्यांनी शाळेला लावला: ‘सरेंडर व्हॅल्यू’. आपल्याला तो ठाऊकच आहे. पॉलिसी मधेच मोडली तर हातात किती पडतात? वेस्ट विचारतात, इंग्रजी मधेच सोडणाऱ्या मुलाच्या हातात काय पडतं? त्यांचं उत्तर होतं, आधी वाचायला शिकवा. मोजके, नेहमी लागणारे शब्द घ्या, त्यांत सोप्या गोष्टी लिहा, आणि मुलांना भरपूर वाचू द्या. कारण वाचता येणारं मूल शाळा सुटल्यावरही पुढे जाऊ शकतं. व्याकरणाचे अर्धे नियम पाठ असलेलं मूल जाऊ शकत नाही.

ही मोजपट्टी वऱ्हाडच्या मिडल स्कुलाला लावा. सहावी सोडून जिनात कामाला लागलेल्या पोराकडे काय उरलं? सुंदर सही, पाच-पन्नास स्पेलिंगं आणि छडीची आठवण. ज्या कागदासाठी इंग्रजी हवी होती, तो कागद त्याला अजूनही दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावा लागत होता.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. मुंबई राज्यात स्वातंत्र्यानंतर इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचं धोरण आलं होतं. पुढे ती पाचवीला आली, आणि २००० साली पहिलीपासून. पन्नास वर्षं आपण एकाच प्रश्नावर भांडलो: इंग्रजी कितवीपासून? त्या तासात मूल रोज किती वाचतं आणि स्वतःचं किती लिहितं, या प्रश्नावर सभा भरल्याचं फारसं आठवत नाही. मूल आठवीऐवजी पहिलीपासून धडा उतरवून काढू लागलं, तर फक्त उतरवण्याची वर्षं वाढतात.

आज जिल्हा परिषदेच्या शाळांत परिस्थिती बरीच बदलली आहे. पुस्तकं रंगीत आहेत, संवाद आहेत, चित्रं आहेत. पण गाइडमधून उत्तरं उतरवण्याची सवय कित्त्याचीच थोरली बहीण आहे. म्हणून इतिहासातून एवढंच उचलू या. रोज दहा मिनिटं असं वाचन, ज्यातला दर शब्द विचारावा लागणार नाही. रोज तीन ओळी अशा लेखनाच्या, ज्या त्या मुलानेच लिहायच्या: काल बाजार भरला, बैल आजारी आहे, आई शेतात गेली. चुका होतील. होऊ द्या. मनात वाक्य वऱ्हाडीतून आलं तर येऊ द्या. आणि ते वाचणारं कुणीतरी असू द्या. यासाठी वेगळा निधी लागत नाही, नवं धोरणही लागत नाही. चाळीस मिनिटांतली पंधरा मिनिटं लागतात.

वर्गातलं प्रत्येक मूल शेवटपर्यंत शिकावं, ही आपली इच्छा आहेच. पण जे मधेच जाईल त्याचाही रोजच्या तासावर हक्क आहे. ते ज्या दिवशी जाईल त्या दिवशी त्याला स्वतःच्या नावाचा कागद स्वतः वाचता यावा. दीडशे वर्षांपूर्वी कापसाच्या बाजारात हीच गरज उभी राहिली होती, आणि ती अजून पुरती भागलेली नाही.

सभागृहात शिक्षक मंडळी बरीच दिसताहेत, तेव्हा आता प्रश्न आम्ही विचारण्यापेक्षा आपणच विचारावेत.