एजंट नसलेला गोलंदाज

अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूच्या वतीने संघमालकांशी झुंजायला एजंट असतो. बाळू पालवणकरांसाठी झुंजायला होते ते त्यांचे भाऊ.

बाळू पूना क्लबात मैदानाची निगा राखणारे नोकर. जे. जी. ग्रेग आदी इंग्रज फलंदाज सरावासाठी त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेत. हाती बॅट मात्र देत नसत. पुढे इंग्रजांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबालाही ते हवेसे झाले. मैदानावर चेंडू सर्वांचा एकच. चहाच्या वेळी मात्र चर्मकार बाळूंचा पेला वेगळा, तोही तंबूबाहेर!

1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही.

1920 च्या चौरंगी स्पर्धेत कर्णधार एम. डी. पै आजारी पडले आणि पहिल्या सामन्याचे नेतृत्व पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेले. देवधरांची गुणवत्ता वादातीत. पण ज्येष्ठ बाळूंना तर संघातूनच वगळले होते. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी जाहीर निवेदन काढून खेळण्यास नकार दिला. संघाची फलंदाजी बव्हंशी या दोघांवर उभी होती, हेच त्यांचे खरे शस्त्र.

निवडकर्ते नमले. अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. 1923 मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले, आणि त्या वर्षी स्पर्धाही हिंदूंनीच जिंकली.