दोन याद्या, एक निवाडा
दोन याद्या जोडून दुबार नोंदी गाळणें, हें निव्वळ कारकुनी काम भासतें. पण ‘सारखें’ कशास म्हणावें, हा प्रश्न त्यांत दडलेला आहे. १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट भाषेचा पहिला नमुना रचला. याद्या जोडण्यास पुढें ‘कॉनकॅट’ आलें. दुबार नोंदी मात्र बहुधा एकेक ताडून काढीत. हजार निरनिराळ्या नोंदींस सुमारें पांच लक्ष तुलना! २०१५ सालीं ‘सेट’ आला नि हें ओझें उतरलें. सुटे शब्द व आंकडे तो अचूक ओळखतो. परंतु नांव, गांव, वय अशी संयुक्त नोंद दोनदां केली, तर तपशील तंतोतंत जुळूनही त्या दोन्ही तो निराळ्याच मानतो. तेथें निवाडा माणसासच करावा लागतो.