एमआरआयच्या खोलीत नेटवर्कची साधी तार का चालत नाही?

सातारा, कराड, सांगली किंवा मिरजेत एमआरआय काढलेल्यांना त्या खोलीचा जाडजूड दरवाजा आठवत असेल. दरवाजासह भिंती, छत आणि जमिनीत तांब्याचे किंवा दुसऱ्या धातूचे अखंड आवरण असते. यालाच ‘फॅरडे पिंजरा’ म्हणतात. मायकल फॅरडे यांनी १८३६ मध्ये अशा पिंजऱ्याचा प्रयोग केला होता.

आवरण कशासाठी?
१.५ टेस्लाचे यंत्र शरीरातील हायड्रोजनकडून येणारे सुमारे ६४ मेगाहर्ट्झचे अतिशय क्षीण रेडिओ संदेश टिपते. बाहेरच्या लहरी त्यात मिसळल्या, तर प्रतिमेवर कपड्याच्या चेनसारखी रेघ उमटते. नेमका आजाराचा भाग तिच्याखाली झाकला जाऊ शकतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

तारेची अडचण
भिंतीतून थेट आत नेलेली तांब्याची तार अँटेनासारखी काम करते आणि बाहेरचा गोंगाट आत आणते. विजेच्या तारेला फिल्टर लावणे सोपे असते. तो ५० हर्ट्झची वीज सोडतो आणि वरच्या लहरी अडवतो. गिगाबिट नेटवर्कचे संदेश मात्र स्वतःच साठेक मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेले असतात. गोंगाट अडवायला गेले, की संदेशही बिघडतो.

उपाय
म्हणून ऑप्टिकल फायबर वापरतात. काचेतून प्रकाश जातो, रेडिओ लहरी वाहून नेणारा धातू त्यात नसतो. हे फायबर भिंतीतल्या लांब, अरुंद धातूच्या नळीतून आत नेतात. त्या नळीतून या लहरी पार होऊ शकत नाहीत.

मात्र तपासणी सुरू असताना दरवाजा किंचित उघडा राहिला, तरी ही सगळी काळजी वाया जाऊ शकते.