ॲल्युमिनियमच्या नौकावाहू ट्रेलरचे रंगकाम

ॲल्युमिनियमच्या नौकावाहू ट्रेलरचे रंगकाम म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याचा पृष्ठभाग स्वच्छ व किंचित खरखरीत करून त्यावर अस्तर आणि वरचा रंग चढविण्याची प्रक्रिया होय. नौकावाहू ट्रेलर ही मोटारीच्या मागे जोडून लहान नौका रस्त्याने नेण्याची व उतरत्या धक्क्यावरून पाण्यात सोडण्याची बिनइंजिनाची गाडी आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत हौशी नौकाविहार लोकप्रिय असल्याने असे ट्रेलर तेथे सर्रास आढळतात. ॲल्युमिनियमवरील रंग किती टिकेल हे रंगाच्या प्रतीइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, पूर्वतयारीवर अवलंबून असते.

धातूचे गुणधर्म

ट्रेलरच्या सांगाड्यासाठी ६०६१ या क्रमांकाचे मिश्रधातू पुष्कळदा वापरले जाते. त्यात ॲल्युमिनियमबरोबर मुख्यतः मॅग्नेशियम व सिलिकॉन असते. ॲल्युमिनियमची घनता सुमारे २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे पोलादाच्या जवळजवळ एकतृतीयांश असते. हवेशी संपर्क येताच या धातूवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. हा थर धातूला घट्ट चिकटून राहतो व आतील भागाचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असून पापुद्र्यांनी सुटत जातो.

हाच संरक्षक थर रंगकामात अडचण ठरतो. गुळगुळीत पृष्ठभागावर रंगाला पकड मिळत नाही. शिवाय खाऱ्या पाण्यात वापरलेल्या ट्रेलरवर जुन्या ऑक्साइडची पांढरी भुकटी व क्षार साचलेले असतात. त्यांवर चढविलेला रंग धातूला न चिकटता त्या भुकटीलाच चिकटतो आणि लवकरच पोपडे धरतो.

रंगाची आवश्यकता

बहुतेक ॲल्युमिनियम ट्रेलर रंगाविनाच वापरले जातात. रंग दिला जातो तो सौंदर्यासाठी, डाग झाकण्यासाठी किंवा खाऱ्या पाण्यापासून अधिक संरक्षणासाठी. मात्र सदोष रंग हा रंग नसण्यापेक्षा अपायकारक ठरू शकतो. सुटलेल्या रंगाखाली खारे पाणी अडकून राहते आणि दृष्टीआड क्षरण चालू राहते. ६०६१ मिश्रधातूच्या वेल्डिंगलगतच्या पट्ट्याची ताकद उष्णतेमुळे घटलेली असते. तेथे पडलेली तडही रंगाने झाकली जाऊ शकते. म्हणून रंगापूर्वी प्रत्येक जोड तपासणे आवश्यक असते. तडा गेलेला सांगाडा प्रथम दुरुस्त करावा लागतो.

पूर्वतयारी

नौका उतरवून ट्रेलर भक्कम आधारांवर ठेवतात. दिवे, तारा व नौका टेकण्याचे रूळ काढून ठेवतात. त्यानंतरचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. धुणे : गोड्या पाण्याने मीठ व चिखल काढून टाकतात. पोकळ नळ्यांच्या आतील बाजूही धुतात.

२. तेलकटपणा काढणे : विद्रावकात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने वंगण पुसतात. हे घासण्यापूर्वीच करतात, अन्यथा तेल ओरखड्यांत शिरते. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला विरघळवतो व त्या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निर्माण होतो. म्हणून तो वापरत नाहीत.

३. घासणे : ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पॉलिशपेपरने किंवा नायलॉनच्या घासणीने पृष्ठभाग एकसारखा खरखरीत करतात. पोलादी तारेचा ब्रश टाळतात, कारण लोखंडाचे कण धातूत रुतून पुढे क्षरणाची केंद्रे बनतात.

४. पाण्याची परीक्षा : धुतलेल्या पृष्ठभागावर स्वच्छ पाण्याचा सलग पातळ पडदा पसरला, तर तो स्वच्छ समजतात. पाण्याचे थेंब गोळा झाले, तर तेलकटपणा शिल्लक आहे असे मानून पुन्हा सफाई करतात.

ऑक्साइड पुन्हा तयार होण्यास वेळ लागत नाही. त्यामुळे धातू पूर्ण वाळल्यावर शक्यतो त्याच दिवशी अस्तराचा पहिला हात देतात.

अस्तर व रंग

अस्तरासाठी आम्लयुक्त प्रायमर किंवा दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर वापरतात. आम्लयुक्त प्रायमर धातूला किंचित कोरून पकड निर्माण करतो. इपॉक्सी पाण्याला अडसर घालतो. हे दोन्ही एकावर एक देता येतात की नाही, हे उत्पादकाच्या सूचनेवरून ठरवितात. वरच्या थरासाठी ऊन व पाऊस सोसणारा पॉलियुरेथेन रंग प्रचलित आहे. एक जाड हात देण्याऐवजी अनेक पातळ हात देतात. धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे, असा रंगकामातील सर्वसाधारण संकेत आहे. अन्यथा डोळ्यांना न दिसणारे दव रंगाखाली अडकते.

ब्रेकचे घर्षण होणारे भाग, टायर, परावर्तक आणि वाहनाची ओळख पटविणारी पट्टी यांवर रंग देत नाहीत. अनेक ट्रेलरांत दिव्यांचा विद्युतप्रवाह सांगाड्यातून परततो. अशा ठिकाणी जोडाखालील धातू उघडा न ठेवल्यास दिवे लागत नाहीत.

भिन्न धातूंचा संपर्क

खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम व स्टेनलेस पोलाद एकमेकांना टेकले, तर विजेच्या घटासारखी रचना तयार होऊन ॲल्युमिनियम झिजते. त्यामुळे बोल्टाखाली नायलॉनचे वॉशर घालतात. अशा जोडावर केवळ ॲल्युमिनियम रंगविणे धोक्याचे असते. रंगाला बारीक ओरखडा पडला, की सगळे क्षरण त्या एकाच जागी एकवटून खोल खड्डा पडतो. म्हणून जोडालगतचे पोलादही रंगवितात. तांबेयुक्त रंग ॲल्युमिनियमवर थेट लावत नाहीत; त्यातील तांब्यामुळेही असेच क्षरण होते.

सुरक्षितता

दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. असा रंग फवारताना योग्य श्वसनसंरक्षक साधने आवश्यक असतात. साधा कापडी मुखपट्टा पुरेसा नसतो. काही जुन्या अस्तरांत क्रोमेट असते. त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्यामुळे जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडू देत नाहीत.

तपासणी व निगा

रंग पूर्ण कडक झाल्यावर आडव्याउभ्या चिरांची जाळी पाडून त्यावर चिकटपट्टी लावतात व ती उपटतात. चौकटी सुटल्या नाहीत, तर पकड समाधानकारक मानली जाते. खाऱ्या पाण्यातील प्रत्येक वापरानंतर ट्रेलर गोड्या पाण्याने धुतात. रंगाला फोड आल्यास नुसता वरून रंग न देता तो भाग धातूपर्यंत घासून संपूर्ण प्रक्रिया पुन्हा करतात.