शिकागो विद्यापीठ फुटबॉल संघ

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शिकागो विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ. गडद तांबड्या रंगाच्या पोशाखावरून त्याला ‘मरून्स’ म्हणतात. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याच्या या खेळात विसाव्या शतकाच्या आरंभी हा संघ देशातील बलाढ्य संघांपैकी एक होता. त्याच्या इतिहासात विजयांपेक्षाही मोठी घटना म्हणजे १९३९ मध्ये विद्यापीठाने आपण होऊन तो बंद केला, ही होय.

१८९२ साली विद्यापीठात अध्यापन सुरू झाले आणि त्याच वर्षी संघही उभा राहिला. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी येल येथील आपले माजी विद्यार्थी एमॉस अलोंझो स्टॅग (१८६२–१९६५) यांना शारीरिक शिक्षणाचे प्रमुख म्हणून आणले. त्यांना प्राध्यापकवर्गात स्थान दिले, हे त्या काळी नवे होते. स्टॅग यांनी १९३२ पर्यंत सलग ४१ हंगाम प्रशिक्षण दिले. खेळातील अनेक डावपेच त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्यांतील काहींच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘वेस्टर्न कॉन्फरन्स’ या सात विद्यापीठांच्या संघटनेत (पुढे ‘बिग टेन’) शिकागो संस्थापक सदस्य होते.

३० नोव्हेंबर १९०५ रोजी शिकागोच्या मैदानावर मिशिगनशी झालेला सामना विशेष प्रसिद्ध आहे. १९०१ पासून ५६ सामन्यांत मिशिगन अपराजित होते. क्वार्टरबॅक वॉल्टर एकरसॉल याने लाथेने दूर उडवलेला चेंडू मिशिगनच्या डेनी क्लार्कने आपल्याच गोलरेषेमागे झेलला. तो घेऊन पुढे निघालेल्या क्लार्कला शिकागोच्या खेळाडूंनी मागे रेटून पाडले. अशा वेळी प्रतिपक्षाला दोन गुण मिळतात. त्याला ‘सेफ्टी’ म्हणतात. सामन्यात दुसरा गुण झालाच नाही आणि शिकागो २–० असे जिंकले. १९०५ व १९१३ या वर्षांचे राष्ट्रीय अजिंक्यपद शिकागोकडे मानले जाते, मात्र ते मागाहून केलेल्या गणनांनुसार.

१९२४ नंतर संघ उतरणीला लागला. त्या काळातही हाफबॅक जे बर्वँगर चमकला. पुढे ‘हाइझमन’ या नावाने ओळखला जाणारा पुरस्कार १९३५ मध्ये प्रथमच देण्यात आला, तो त्याला. १९३६ च्या पहिल्या व्यावसायिक खेळाडू-निवडीतही पहिले नाव त्याचेच होते. तो व्यावसायिक फुटबॉल मात्र खेळला नाही.

१९२९ मध्ये अध्यक्षपदी आलेले रॉबर्ट हचिन्स यांना तिकीटविक्रीवर चालणारा खेळ विद्यापीठाच्या कामाशी विसंगत वाटे. १९३८ मध्ये त्यांनी लेख लिहून तसे मांडलेही. १९३९ च्या हंगामात शिकागो मिशिगनकडून ८५–०, तर हार्वर्ड व ओहायो स्टेट या दोघांकडून ६१–० असे हरले. डिसेंबरमध्ये संघ बंद झाल्याची घोषणा झाली. पराभव हे निमित्त होते की कारण, याविषयी एकमत नाही. हचिन्स यांची भूमिका आधीपासूनची होती, हे ध्यानात घेता निमित्त म्हणणेच अधिक योग्य. प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी स्टॅनफर्डला गेले आणि १९४० चा त्यांचा संघ अपराजित राहिला. १९४६ मध्ये शिकागोने ‘बिग टेन’ही सोडली.

ओस पडलेल्या स्टॅग मैदानाच्या पश्चिम प्रेक्षागाराखाली एन्रीको फेर्मी यांच्या चमूने २ डिसेंबर १९४२ रोजी मानवनिर्मित पहिली स्वयंपोषी अणुकेंद्रीय शृंखला अभिक्रिया घडवली. हे प्रेक्षागार १९५७ मध्ये पाडले. मैदानाच्या जागी आता रीगनस्टाइन ग्रंथालय आहे.

१९६३ मध्ये फुटबॉल क्लबच्या स्वरूपात परतला, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी मैदानात बसून विरोध केला. १९६९ पासून विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा खेळू लागला. तो आता तृतीय श्रेणीत असून या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. बर्वँगरचा पुरस्कार विद्यापीठाच्या रॅटनर क्रीडा केंद्रात ठेवलेला आहे.