जुन्या नंबरात दोन हजार मिळवा

रायपूरच्या समता कॉलनीतून मी पुन्हा तुमच्याशी बोलतो आहे. आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल: सॉफ्टवेअरमधल्या बगची वही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कशी हलवतात. पण हलवताना काय हरवू शकतं, हे कळलं की तो कोरडा राहत नाही.

१ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड राज्य झालं. गाड्यांच्या पाट्यांवर एमपीच्या जागी सीजी आलं, रायपूरला ०४ मिळाला. आता कल्पना करा, गावातल्या सगळ्या गाड्यांचे नंबर एका रात्रीत बदलले. मग विम्याच्या जुन्या कागदावरचा नंबर कोणत्या गाडीचा, हे कोण सांगणार? बगचंही तसंच आहे. प्रत्येक बगला नंबर असतो, आणि तो नंबर कोडमध्ये, ईमेलमध्ये, लोकांच्या बोलण्यात पसरलेला असतो. कोड काय करतो ते कोड वाचून कळतं. तो तसं का करतो, हे बऱ्याचदा त्या नंबरामागच्या चर्चेतच असतं.

बगझिला हा या कामासाठीचा जुना, नावाजलेला ट्रॅकर. १९९८ मध्ये मोझिला प्रकल्पासाठी टेरी वाइसमन यांनी तो लिहिला; आधी टीसीएल भाषेत, नंतर पर्लमध्ये. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीने ऑगस्ट २००४ मध्ये बगझिला घेतला. मराठी विकिपीडिया त्याआधीच, १ मे २००३ ला सुरू झाला होता. म्हणजे आपल्या विकीचा लोगो बदलायचा असो, नामविश्वाचं नाव सुधारायचं असो, सर्व्हरवरची सेटिंग हवी असली की मराठी संपादकालाही याच वहीत, बहुधा इंग्रजीत, नोंद करावी लागे.

दहा वर्षांत कामाच्या वह्या वाढल्या. बग बगझिलात, सर्व्हरची कामं आरटीमध्ये, नियोजन ट्रेलो आणि मिंगलवर. सगळं एका छताखाली आणायचं म्हणून फॅब्रिकेटर निवडलं गेलं. त्याचा जन्म फेसबुकमधला. २१ नोव्हेंबर २०१४ च्या शुक्रवारी स्थलांतर सुरू झालं आणि सोमवारी, २४ तारखेला, लोक नव्या घरात कामाला लागले. सत्तर हजारांहून जास्त नोंदी हलल्या.

अडचण नंबरांची होती. फॅब्रिकेटरमध्ये आधीच काही कामं नोंदवलेली होती, त्यामुळे सुरुवातीचे नंबर गेलेले. बगझिलाचा १ तिथे १ राहू शकत नव्हता. त्यावरचा तोडगा मला फार आवडतो: जुन्या नंबरात २००० मिळवा. १ चा झाला टी२००१, ५०० चा टी२५००. ना तक्ता लागला, ना कुणाला विचारावं लागलं. तोंडी हिशेब पुरला. जुन्या लिंकही आपोआप नव्या पानावर जाऊ लागल्या.

माणसांची गोष्ट जास्त नाजूक होती. पासवर्ड हलवले नाहीत. जुन्या प्रतिक्रिया आधी एका बॉटच्या नावावर आल्या, आणि अमक्याने लिहिलं, असा उल्लेख मजकुरात राहिला. मूळ लेखकाने नव्या ठिकाणी येऊन जुन्या ईमेलची ओळख पटवली की त्या त्याच्या खात्यावर जमा होत. जे परत आलेच नाहीत, त्यांचं लिखाण बॉटच्याच खात्यावर राहिलं. बगझिलात बगच्या तीव्रतेचा वेगळा रकाना होता, नव्या ठिकाणी नव्हता. ती माहिती टाकून न देता नोंदीच्या तळाशी साध्या मजकुरात लिहून ठेवली.

पायथॉनची गोष्ट वेगळी. त्यांनी २००७ मध्ये सोर्सफोर्ज सोडून राउंडअप घेतलं आणि एप्रिल २०२२ मध्ये गिटहबवर गेले. गिटहबवर बग आणि पुल रिक्वेस्ट एकाच क्रमाने नंबर घेतात, आणि हजारो नंबर आधीच वापरलेले होते. म्हणून जुन्या बगना नवे नंबर मिळाले. जुनी साइट फक्त वाचायला उघडी ठेवली, दोन्हीकडचे नंबर एकमेकांशी जोडले. काही हरवलं नाही, पण इथे तोंडी हिशेब चालत नाही; शोधून पाहावं लागतं.

हे मी आत्ताच का सांगतो? आमच्या छोट्या टीमलाही येत्या काही महिन्यांत वही हलवायची आहे. आमच्या बिलिंगच्या कोडमध्ये एका ओळीवर फक्त एवढंच लिहिलंय: तक्रार ४१२ पाहा. ती उघडली की कळतं, वजन क्विंटलमध्ये दोनच दशांशांपर्यंत का धरायचं. ०.०१ क्विंटल म्हणजे एक किलो, आणि त्या धान व्यापाऱ्याच्या काट्यावर किलोच्या खालचं वजन दिसत नव्हतं. नोंद करणारी मुलगी केव्हाच दुसऱ्या शहरात गेली. ४१२ सापडली नाही, तर उद्या कुणीतरी ती ओळ चूक समजून सुधारेल आणि व्यापाऱ्याची पावती काट्याशी जुळणार नाही. म्हणून टीममध्ये मी तीन गोष्टी मागितल्या आहेत: जुना नंबर शोधता यावा, लिहिणाऱ्याचं नाव राहावं, बंद झालेल्या नोंदीही सोबत याव्यात.

नवं घरही कायमचं नसतं. १ जून २०२१ पासून फॅब्रिकेटर बनवणाऱ्या कंपनीने त्याची देखभाल थांबवली. समुदायाने त्यातूनच फोर्ज नावाची शाखा काढून काम पुढे नेलं. पुढचं स्थलांतर कधीतरी होणारच, हे धरूनच आजची वही लिहायची. तुमच्याकडे अशी वही असेल, तर हलवण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा. भेटू पुढच्या भागात.